डंप काढण्याआधी पलीकडचा सर्व्हर बघा

डेटाबेस एक्सपोर्ट करणं, म्हणजेच त्याचा डंप काढणं, सहसा बिघडत नाही, हीच खरी गोची आहे. कमांड चालते, फाइल तयार होते, आकारही बरा दिसतो आणि आपण निश्चिंत होतो. गडबड उघडी पडते ती दुसऱ्या सर्व्हरवर इम्पोर्ट करताना. तोवर काही जणांनी जुना सर्व्हर बंदही करून टाकलेला असतो.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८.० होतं आणि होस्टिंगवर ५.७. पहिल्याच टेबलला इम्पोर्ट थांबलं: एरर १२७३, अनोळखी कोलेशन. कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रमवारी ठरवणारे नियम, हे मी त्या रात्री शिकले. डंप काढण्याआधी शिकले असते तर काम दहा मिनिटांचं होतं.

हा लेख एका सर्व्हरवरचा डेटाबेस वेगळ्या व्हर्जनच्या सर्व्हरवर पहिल्यांदाच नेणाऱ्यांसाठी आहे. नवख्यांची गाठ बहुधा मायएसक्यूएल आणि मारियाडीबीशी पडते, म्हणून भर त्यांच्यावर आहे. पुढे पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरबद्दलही आहे. कमांड आणि ऑप्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आणि लांब ऑप्शनांच्या आधी दोन डॅश द्यायचे.

पायरी १: तीन व्हर्जन कागदावर लिहा

दोन नाही, तीन. डेटा जिथून निघतो तो सर्व्हर, जिथे जातो तो सर्व्हर आणि डंप काढणारं टूल. तिसऱ्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. सर्व्हरचं व्हर्जन 'सिलेक्ट व्हर्जन()' या क्वेरीने कळतं, ब्राउझरमधून डेटाबेस हाताळणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये ते पहिल्याच पानावर दिसतं. टूलचं व्हर्जन बघायला 'मायएसक्यूएलडंप --व्हर्जन' द्या.

उत्तरात 'मारियाडीबी' हा शब्द आहे का तेही बघा. होस्टिंगच्या पॅनेलवर 'मायएसक्यूएल' लिहिलेलं असतं आणि आत मारियाडीबी चालू असतो, असं सर्रास आढळतं. मारियाडीबी २००९ मध्ये मायएसक्यूएलपासून वेगळा झाला आणि ५.५ नंतर त्याने थेट १०.० हा आकडा घेतला. त्यामुळे मारियाडीबी १०.३ हा मायएसक्यूएल ८.० पेक्षा 'दोन पायऱ्या पुढचा' नाही. ती दोन वेगळी घराणी आहेत, त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

आता दिशा ठरवा. जुन्याकडून नव्याकडे जाणं म्हणजे 'वर जाणं'. त्यासाठी बनवणाऱ्यांनी रस्ता आखलेला असतो, खड्डे थोडे आणि ओळखीचे असतात. नव्याकडून जुन्याकडे म्हणजे 'खाली उतरणं', आणि तिथे कुणी रस्ता बांधलेला नाही. मायएसक्यूएल ८.० वरून ५.७ वर उतरणं अधिकृतपणे सपोर्टेड नाही. डेटाची डिरेक्टरी तशीच उचलून ठेवण्याचा तर विचारही करू नका. ८.० ने टेबलांच्या व्याख्या ठेवण्याची पद्धतच बदलली: आधी प्रत्येक टेबलामागे एक एफआरएम फाइल असायची, आता ती माहिती इनोडीबीच्या (टेबलं साठवणाऱ्या इंजिनच्या) आत डेटा डिक्शनरीत असते. ५.७ ला तिथलं काही वाचता येत नाही. उरतो तो एसक्यूएलच्या मजकुराचा मार्ग, म्हणजेच डंप.

खाली उतरायचं ठरवण्याआधी पलीकडचा सर्व्हरच वर आणता येतो का, हे विचारा. मायएसक्यूएल ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. अनेकदा होस्टिंगच्या पॅनेलमध्ये व्हर्जन बदलायची सोय असते आणि खालचा अर्धा लेख वाचायची गरजच राहत नाही.

पायरी २: एक डंप उघडून वाचा

डंप ही काही गूढ फाइल नाही. टेबल तयार करा, या ओळी भरा, इंडेक्स लावा, अशा सूचनांची ती साधी मजकुराची यादी असते. फाइल मोठी असेल तर नोटपॅडमध्ये उघडू नका, संगणक गोठेल. 'हेड' किंवा 'लेस' या कमांडने पहिल्या पन्नास ओळी बघा.

सुरुवातीलाच /*!४०१०१ … */ अशा ओळी दिसतील. कॉमेंटसारख्या दिसल्या तरी त्या कॉमेंट नसतात. उद्गारचिन्हापुढचा पाच आकडी अंक म्हणजे व्हर्जन: ४०१०१ म्हणजे ४.१.१, ५०५०३ म्हणजे ५.५.३, ८००१६ म्हणजे ८.०.१६. सर्व्हर त्या व्हर्जनचा किंवा पुढचा असेल तर आतला मजकूर चालवतो, नाहीतर कॉमेंट समजून सोडून देतो. वेगवेगळ्या व्हर्जनांशी जुळवून घेण्याची मायएसक्यूएलची ही अंगभूत युक्ती. मारियाडीबी यात थोडा सावध असतो. त्याचा स्वतःचा आकडा दहाच्या वर असला तरी ५०७०० ते ९९९९९ या पट्ट्यातल्या ओळी तो चालवत नाही, कारण त्या मायएसक्यूएलच्या पुढच्या वाटचालीतल्या आहेत.

मग एवढी सोय असताना १२७३ ची एरर का येते? कारण सगळंच या कंसात गुंडाळलेलं नसतं. ८.० चा डंप प्रत्येक टेबलाच्या शेवटी 'कोलेट=युटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' असं उघडंवाघडं लिहितो. जुना सर्व्हर ते वाचतो आणि अडतो. जे गुंडाळलेलं आहे ते आपोआप सांभाळलं जातं. जे उघडं आहे ते तुम्हाला बघायचं आहे. डंप वाचताना नजर तिथेच ठेवा.

पायरी ३: डंप तीन तुकड्यांत काढा

एकाच मोठ्या फाइलऐवजी तीन फाइली काढायची सवय लावून घ्या.

पहिली रचनेची: टेबलं आणि व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी). 'मायएसक्यूएलडंप'ला --नो-डेटा आणि --स्किप-ट्रिगर्स द्या. ही फाइल लहान असते, एडिटरमध्ये आरामात उघडते आणि जी काही दुरुस्ती करायची ती इथेच करायची.

दुसरी डेटाची: --नो-क्रिएट-इन्फो आणि पुन्हा --स्किप-ट्रिगर्स. ही मोठी असते, हिला हात लावायचा नाही.

तिसरी कोडची: --नो-डेटा, --नो-क्रिएट-इन्फो, --ट्रिगर्स, --रुटीन्स, --इव्हेंट्स. ही सगळ्यात शेवटी भरायची. ट्रिगर, म्हणजे ओळ भरली वा बदलली की आपोआप चालणारा कोड, आधी तयार झाले तर डेटा भरताना प्रत्येक ओळीला ते चालतील, आणि नोंदवहीसारखं टेबल असेल तर त्यात दुप्पट नोंदी दिसतील.

रुटीन्स आणि इव्हेंट्स (ठरल्या वेळी चालणारी कामं) आपोआप डंपमध्ये येत नाहीत, हे वेगळं सांगायला हवं. ट्रिगर येतात, स्टोअर्ड प्रोसिजर आणि फंक्शन येत नाहीत. पुष्कळांना हे महिन्याअखेरीचा रिपोर्ट चालेनासा झाल्यावर कळतं.

डेटाच्या फाइलसाठी आणखी काही ऑप्शन लागतात. --सिंगल-ट्रान्झॅक्शन दिलं की टेबलं लॉक न होता एका क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं, पण ते फक्त इनोडीबी टेबलांचं. मायआयसॅम या जुन्या इंजिनची टेबलं असतील तर त्या वेळात साइटवर लिहिणं थांबवा. --हेक्स-ब्लॉब दिलं की बायनरी कॉलम षोडशमान अंकांत लिहिले जातात आणि कॅरेक्टर सेटच्या (अक्षरं बाइटांत कशी लिहायची त्या पद्धतीच्या) भांडणात सापडत नाहीत.

--डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=युटीएफ८एमबी४ तर विसरूच नका. ५.७ पर्यंतचं मायएसक्यूएलडंप आपणहून जुनं 'युटीएफ८' धरतं, आणि मायएसक्यूएलचं ते जुनं 'युटीएफ८' एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरीची अक्षरं ३ बाइटांत बसतात, त्यामुळे मराठी मजकूर बघून सगळं ठीक वाटतं. इमोजीला मात्र ४ बाइट लागतात आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून तपासणी करताना मराठी वाक्य नको, इमोजी असलेली ओळ शोधा.

टूल आणि सर्व्हर वेगळ्या व्हर्जनचे असले की काही ठरावीक एरर येतात. ८.० च्या टूलने ५.७ च्या सर्व्हरचा डंप काढायला गेलात तर 'कॉलम_स्टॅटिस्टिक्स' नावाचं टेबल सापडत नाही अशी ११०९ ची एरर येईल. --कॉलम-स्टॅटिस्टिक्स=० दिलं की ती जाते. टेबलस्पेसच्या नावाने 'प्रोसेस' परवानगी मागितली गेली तर --नो-टेबलस्पेसेस द्या. शेअर्ड होस्टिंगवर ही परवानगी मिळत नाही आणि साध्या स्थलांतराला टेबलस्पेसची माहिती लागतही नाही. सोर्स सर्व्हरवर रेप्लिकेशनसाठी (दुसऱ्या सर्व्हरवर सतत प्रत ठेवण्यासाठी) जीटीआयडी, म्हणजे ट्रान्झॅक्शनांना ओळख क्रमांक देणारी सोय, चालू असेल तर --सेट-जीटीआयडी-पर्ज्ड=ऑफ, नाहीतर डंपच्या सुरुवातीला एक अशी ओळ येते जी चालवायला पलीकडे सुपरची परवानगी लागते.

विंडोजवर काम करत असाल तर एक सापळा खास तुमच्यासाठी. पॉवरशेलच्या जुन्या व्हर्जनमध्ये '>' या चिन्हाने फाइल लिहिली की ती युटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते, आणि मायएसक्यूएल ती वाचत नाही. त्याऐवजी --रिझल्ट-फाइल ऑप्शनने फाइलचं नाव द्या. पॉवरशेलमध्ये '<' ने इम्पोर्टही चालत नाही. मायएसक्यूएलच्या प्रॉम्प्टवर जाऊन 'सोर्स' कमांड वापरा.

पासवर्ड कमांडमध्येच लिहू नका. नुसतं -पी द्या, तो नंतर विचारेल.

टर्मिनल मिळतच नसेल आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनवर अवलंबून असाल तर 'कस्टम' एक्सपोर्ट निवडा, 'क्विक' नको. तिथे 'जुन्या मायएसक्यूएल सर्व्हरशी जास्तीत जास्त सुसंगत आउटपुट' अशा अर्थाची एक यादी दिसते आणि नवख्या माणसाला वाटतं, हेच तर हवं होतं! माझा सल्ला: ती 'नन'वरच ठेवा. त्या यादीतले 'मायएसक्यूएल४०'सारखे पर्याय वीसेक वर्षांपूर्वीच्या सर्व्हरांसाठी होते. ते निवडले की कॅरेक्टर सेटसारखी कामाची माहितीच गळते, आणि ८.० ने तर हे मोड काढूनच टाकले. ५.७ साठी किंवा मारियाडीबी १०.४ साठी त्यात काहीच नाही. मायएसक्यूएलडंपच्या --कम्पॅटिबल ऑप्शनचंही तेच: ८.० मध्ये तो फक्त 'अ‍ॅन्सी' एवढीच एक किंमत घेतो.

पायरी ४: खाली उतरताना रचनेची फाइल दुरुस्त करा

सगळ्यात आधी कोलेशन. '०९००' म्हणजे युनिकोडच्या क्रमवारी नियमांचं ९.० हे व्हर्जन, आणि ते ८.० मध्येच आलं. रचनेच्या फाइलमध्ये 'युटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' शोधून त्या जागी 'युटीएफ८एमबी४_युनिकोड_५२०_सीआय' लिहा. ५.६ पासून पुढे ते चालतं. त्याहून जुना सर्व्हर असेल तर 'युटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय'. मात्र या दुसऱ्यात सगळे इमोजी एकमेकांसारखेच मानले जातात. युनिक इंडेक्स असलेल्या कॉलममध्ये दोन वेगळे इमोजी असतील तर तो 'डुप्लिकेट' म्हणून ओरडेल.

शोधून बदलण्याचं हे काम फक्त रचनेच्या फाइलवर करा, हे पुन्हा सांगते. डेटाच्या फाइलमध्ये कुणाच्या लेखात किंवा सेटिंगमध्ये तोच शब्द असू शकतो. काही अ‍ॅप्लिकेशन मजकुरासोबत त्याची लांबीही साठवतात. तिथे एक अक्षर कमीजास्त झालं की ती सेटिंग वाचताच येत नाही.

आणि एक उपाय अजिबात करू नका: 'युटीएफ८एमबी४' खोडून 'युटीएफ८' लिहिणं. एरर गेली म्हणून हा सल्ला फार फिरतो. पण वर सांगितल्याप्रमाणे ३ बाइटांच्या घरात ४ बाइटांचं अक्षर बसत नाही. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) चालू असेल तर १३६६ ची एरर येईल, ते परवडलं. बंद असेल तर इमोजी जिथे आला तिथून पुढचं सगळं वाक्य निमूट कापलं जाईल आणि फक्त एक वॉर्निंग येईल, जी कुणी वाचत नाही.

कोलेशन बदलल्यावर कधीकधी १०६२, म्हणजे डुप्लिकेट की, ही एरर येते. 'मूळ डेटाबेसमध्ये तर डुप्लिकेट नव्हतं' असं वाटून माणूस चक्रावतो. कारण बारीक आहे: ०९०० घराण्यातली कोलेशनं शेवटची मोकळी जागा मोजतात, जुनी मोजत नाहीत. नव्या सर्व्हरवर 'अबक' आणि शेवटी स्पेस असलेलं 'अबक ' या दोन वेगळ्या नोंदी होत्या, जुन्यावर त्या एकच. अशा ओळी मूळ डेटाबेसमध्येच शोधून साफ करा, मग पुन्हा डंप काढा.

पुढची नेहमीची एरर १०७१: की फार लांब आहे, मर्यादा ७६७ बाइट. ५.६ आणि त्याआधीच्या सर्व्हरवर इनोडीबीच्या एका इंडेक्स कॉलमला साधारणपणे एवढीच जागा मिळते. व्हारकॅर(२५५), म्हणजे २५५ अक्षरांपर्यंतच्या कॉलमला, दर अक्षरी ४ बाइट धरले तर १०२० होतात. १९१ अक्षरं घेतली तर ७६४, म्हणजे जेमतेम बसतात. वर्डप्रेसच्या टेबलांत ठिकठिकाणी १९१ हा विचित्र आकडा दिसतो तो याच हिशेबातून आलेला. कॉलम लहान न करता फक्त इंडेक्सपुरतं '(१९१)' लिहिलं तरी भागतं, पण इंडेक्स युनिक असेल तर विचार करा, कारण मग पहिल्या १९१ अक्षरांवरच वेगळेपणा ठरेल. ५.७ पासून मर्यादा ३०७२ बाइट झाली, तिथे ही अडचण सहसा येत नाही.

काही गोष्टींना जुन्या सर्व्हरवर पर्यायच नसतो, त्या नव्याने लिहाव्या लागतात. जेसन प्रकार ५.७.८ पासून आहे. त्याआधीच्या सर्व्हरसाठी लाँगटेक्स्ट करा. मारियाडीबीमध्ये 'जेसन' हे लाँगटेक्स्टचंच दुसरं नाव आहे, म्हणून तिथे टेबल बनतं, पण आतली साठवण वेगळी असते. कंसात लिहिलेलं डिफॉल्ट एक्स्प्रेशन आणि फंक्शनवर बांधलेला इंडेक्स ८.०.१३ मध्ये आले. व्ह्यूमध्ये 'विथ' किंवा विंडो फंक्शन वापरलं असेल तर ५.७ ला ते समजणार नाही. सबक्वेरीने नवा व्ह्यू लिहायची तयारी ठेवा. एका टेबलात करंट_टाइमस्टॅम्प डिफॉल्ट असलेले दोन टाइमस्टॅम्प कॉलम ५.६.५ च्या आधी चालत नव्हते. याउलट 'इंट(११)' ऐवजी नुसतं 'इंट' दिसलं तर घाबरू नका. ८.०.१९ पासून तो आकडा दाखवणं बंद झालं आणि त्याने डेटावर काही फरक पडत नाही.

शेवटी डिफायनर. व्ह्यू, ट्रिगर आणि प्रोसिजर यांच्यावर ते बनवणाऱ्या युजरचं नाव कोरलेलं असतं. पलीकडे तो युजर नसला की १४४९, किंवा परवानगी नसली की १२२७. पहिल्या आणि तिसऱ्या फाइलमधून 'डिफायनर=…' एवढा भाग काढून टाका. मग इम्पोर्ट करणाराच मालक होतो.

पायरी ५: वर चढतानाचे खड्डे

इथे डंपपेक्षा तुमचं अ‍ॅप्लिकेशन जास्त त्रास देतं.

डंपमध्ये दोनच ठळक गोष्टी. एक, '००००-००-००' ही शून्य तारीख. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड आणि शून्य तारखेची बंदी आपोआप चालू असते, त्यामुळे १२९२ किंवा १०६७ येऊ शकते. मूळ डेटाबेसमध्येच त्या जागी नल घाला, हा माझा आग्रह. इम्पोर्टपुरता एसक्यूएल मोड सैल करूनही काम भागतं, पण ती उधारी आहे, पुढच्या ऑल्टर टेबलला वसूल होते. दोन, ५.७ च्या जुन्या टूलने काढलेल्या डंपमध्ये ट्रिगर किंवा प्रोसिजरच्या आधी 'नो_ऑटो_क्रिएट_युजर' हा मोड लिहिलेला असतो. तो ८.० ने काढून टाकलाय, म्हणून १२३१ येते. तिसऱ्या फाइलमधून तो शब्द, सोबतच्या स्वल्पविरामासह, खोडा. खूपच जुन्या डंपमध्ये 'टाइप=मायआयसॅम' सापडेल. ५.५ पासून तिथे 'इंजिन=' लागतं.

अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूला: 'रँक', 'ग्रुप्स', 'सिस्टीम', 'विंडो' हे ८.० मध्ये राखीव शब्द झाले. डंप सगळी नावं बॅकटिक (`) या चिन्हांत लिहितो म्हणून इम्पोर्ट बिनबोभाट होतं, आणि साइट उघडली की क्वेरी कोसळतात. ५.७ पर्यंत ग्रुप बाय केलं की निकाल आपोआप क्रमाने यायचे, ८.० मध्ये तसं होत नाही. कुठल्या यादीचा क्रम विस्कटला असेल तर तिथे ऑर्डर बाय लिहायचं राहून गेलंय. ८.० चे नवे युजर नव्या पद्धतीने, म्हणजे 'कॅशिंग_शा२_पासवर्ड'ने ओळख पटवतात. पीएचपीचा ड्रायव्हर जुना असेल तर डेटा सुखरूप असूनही लॉगिन होत नाही.

युजर आणि परवानग्या नेण्यासाठी 'मायएसक्यूएल' नावाचा सिस्टीम डेटाबेस डंप करून पलीकडे ओतू नका. त्याची रचना व्हर्जनगणिक बदलते. 'शो क्रिएट युजर' आणि 'शो ग्रँट्स' यांचे निकाल घ्या आणि हाताने चालवा.

मारियाडीबीकडून मायएसक्यूएलकडे जाणाऱ्यांसाठी एक टीप. मे २०२४ पासूनच्या मारियाडीबी व्हर्जनांच्या डंपमध्ये पहिलीच ओळ 'सँडबॉक्स मोड' चालू करण्याची असते. मायएसक्यूएलच्या क्लायंटला ती कळत नाही आणि इम्पोर्ट पहिल्याच ओळीवर 'अनोळखी कमांड' म्हणून थांबतं. ती एक ओळ काढा, पुढचं सुरळीत वाचलं जाईल.

पोस्टग्रेसवाल्यांनी हे वाचा

इथला नियम लक्षात ठेवायला सोपा: वर जाताना नव्या व्हर्जनचं पीजी_डंप वापरा. नवं टूल जुन्या सर्व्हरशी बोलू शकतं. जुनं टूल नव्या सर्व्हरसमोर 'सर्व्हर व्हर्जन जुळत नाही' म्हणून सरळ नकार देतं, आणि हा उद्धटपणा मला मायएसक्यूएलच्या गप्प बसण्यापेक्षा आवडतो.

खाली उतरायचं असेल तर साध्या मजकुराचा फॉरमॅट घ्या, म्हणजे फाइल हाताने दुरुस्त करता येईल. कस्टम फॉरमॅटची फाइल जुनं पीजी_रिस्टोर 'हेडरमधलं व्हर्जन चालत नाही' म्हणून परत पाठवू शकतं. तशी फाइल हातात असेल तर नव्या पीजी_रिस्टोरने तिची एसक्यूएल फाइल करून घ्या. मग अडथळे दिसतील तसे काढा: १७ च्या टूलने लिहिलेली 'ट्रान्झॅक्शन_टाइमआउट'ची सेट ओळ १६ ला माहीत नसते, ती खोडली तरी चालते. ट्रिगरमधलं 'एक्झिक्यूट फंक्शन' ११ च्या आधी 'एक्झिक्यूट प्रोसिजर' होतं. सिक्वेन्सवरचं 'अ‍ॅज इंटिजर' १० पासूनचं आहे. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर मजकुराच्या डंपमध्ये '\रिस्ट्रिक्ट' आणि '\अनरिस्ट्रिक्ट' अशा ओळी येतात. अपडेट न केलेला पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसचा क्लायंट, त्यांना अडखळतो, तेव्हा तो आधी अपडेट करा.

पीजी_डंपमध्ये युजर, म्हणजे रोल, येत नाहीत. त्यासाठी 'पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली' वेगळं चालवा. पलीकडे ते रोल नकोच असतील तर --नो-ओनर आणि --नो-प्रिव्हिलेजेस द्या. पोस्टजीआयएससारखी एक्स्टेन्शन पलीकडे आधी इन्स्टॉल झालेली हवीत. रिस्टोर संपल्यावर 'अ‍ॅनालाइझ' चालवा, नाहीतर क्वेरी संथ चालतील आणि दोष नव्या सर्व्हरला जाईल.

एसक्यूएल सर्व्हरबद्दल थोडक्यात: नव्या व्हर्जनची बॅकअपची (.bak) फाइल जुन्यावर रिस्टोर होत नाही, ३१६९ ची एरर येते. कम्पॅटिबिलिटी लेव्हल खाली केली तरी नाही, कारण ती लेव्हल क्वेरी कशा चालतात ते ठरवते, फाइलची रचना नाही. मॅनेजमेंट स्टुडिओत 'जनरेट स्क्रिप्ट्स' घ्या, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पलीकडच्या सर्व्हरचं व्हर्जन निवडा आणि 'स्कीमा आणि डेटा' असा पर्याय करा. आपोआप फक्त स्कीमा निवडलेला असतो. रिकामी टेबलं बघून पुष्कळांनी डोक्याला हात लावलाय.

पायरी ६: रंगीत तालीम

पलीकडच्या सर्व्हरवर थेट इम्पोर्ट करू नका. डॉकर येत असेल तर त्याच व्हर्जनचा कंटेनर काही मिनिटांत उभा राहतो. येत नसेल तर पलीकडेच एक वेगळ्या नावाचा रिकामा डेटाबेस बनवा. तिथे तीन फाइली क्रमाने भरा: रचना, डेटा, कोड.

मायएसक्यूएलचा क्लायंट पहिल्या एररला थांबतो. --फोर्स दिलं की तो पुढे जात राहतो. खऱ्या इम्पोर्टला हे कधीही देऊ नका. तालमीला मात्र रचनेच्या फाइलवर द्यायला हरकत नाही, कारण मग सगळ्या एरर एकदमच हातात येतात. 'सर्व्हर गेला', म्हणजे २००६ ही एरर आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा एखादी ओळ मॅक्स_अलाउड_पॅकेटपेक्षा मोठी असते. मर्यादा वाढवा. वाढवायची परवानगी नसेल तर डेटाचा डंप --स्किप-एक्स्टेंडेड-इन्सर्ट देऊन पुन्हा काढा. मग प्रत्येक नोंदीची वेगळी इन्सर्ट ओळ होते, इम्पोर्टला वेळ लागतो पण ते पार पडतं.

भरून झालं की मोजा. आधी डंपची शेवटची ओळ बघा: 'डंप कम्प्लीटेड' असं तिथे असायला हवं, नसेल तर फाइलच अर्धवट आहे. मग दोन्हीकडे प्रत्येक टेबलाचा 'काउंट(*)' घ्या. पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या यादीत दिसणारा ओळींचा आकडा किंवा इन्फर्मेशन_स्कीमातला आकडा घेऊ नका. इनोडीबीसाठी तो अंदाज असतो, आणि दोन सर्व्हरवर तो सारखा आला नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही. त्यानंतर इमोजी असलेली एक ओळ, सगळ्यात लांब मजकुराची एक ओळ आणि बायनरी कॉलम असेल तर त्यातली एक फाइल स्वतः उघडून बघा. व्ह्यू नुसता बनला म्हणून चालत नाही, प्रत्येकावर एक सिलेक्ट मारा. प्रोसिजर, ट्रिगर आणि इव्हेंट यांची संख्याही दोन्हीकडे जुळवा.

तालमीत जी जी दुरुस्ती केली ती एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा. प्रत्यक्ष स्थलांतराच्या दिवशी डंप नव्याने काढावा लागतो, आणि रात्री अकरा वाजता 'मागच्या वेळी नेमकं काय खोडलं होतं' हे आठवत नाही.

जुना सर्व्हर लगेच पुसू नका. महिन्याअखेरीचे हिशेब आणि क्वचित चालणारे रिपोर्ट एकदा तरी नव्या जागेवर चालून जाऊ द्या. आणि डंपच्या फाइलला 'बॅकअप_फायनल_२' असलं नाव देऊ नका. डेटाबेसचं नाव, सोर्स सर्व्हरचं व्हर्जन, टूलचं व्हर्जन आणि तारीख, एवढं नावातच असू द्या. दोन वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला पायरी १ पैकी दोन उत्तरं तिथेच मिळतील.